तंतुकणिका : दाणा कीं दोरा ?



शाळेच्या कोणत्याहि शास्त्राच्या पुस्तकांत पेशीच्या आकृतीशेजारीं भुईमुगाच्या शेंगेसारखें एक चित्र असतें. शेंग उभी चिरलेली, आंत नागमोडी घड्या, आणि खालीं नांव लिहिलेलें – तंतुकणिका. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं दूरदूरच्या गांवांहून आमच्या लातुरांत येऊन राहणाऱ्या मुलामुलींना तर हें चित्र झोपेंतहि काढतां येईल. मीहि पुष्कळ वर्षें तें फळ्यावर खडूनें काढीत आलों. एकदां आठवीच्या वर्गांतल्या एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, ही जागच्या जागींच असते कीं हलते ?" मीं उत्तर दिलें, "पुस्तकांत आहे तशी काढ." तें उत्तर सोयीचें होतें, खरें नव्हतें. नोकरींतून मोकळा झाल्यावर या विषयाचें थोडेंफार वाचन घडलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या मुलीचा प्रश्न हाच या शास्त्राच्या इतिहासांतला एक मोठा प्रश्न आहे, आणि जाणत्या पंडितांनाहि त्याचें उत्तर पुरतें मिळण्यास शंभर वर्षें लागलीं. आज उशिरां कां होईना, तें उत्तर देण्याचा विचार आहे. त्या इतिहासांत एका मराठी विदुषीचा वांटा आहे. तोहि सांगावयाचा आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें थोडक्यांत सांगतों. आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. आपण भाकरी खातों, श्वास घेतों; परंतु भाकरींतली शक्ति आणि श्वासांतला प्राणवायु यांची गांठ शेवटीं पडते ती पेशीच्या आंत, या तंतुकणिकांमध्यें. तेथें अन्नांतली शक्ति हळूहळू मोकळी होते आणि पेशीला वापरतां येईल अशा रासायनिक रूपांत सांठविली जाते. चुलींत लांकूड भडकतें तसें हें नव्हे. येथें ज्योत नाहीं, धूर नाहीं. पायरीपायरीनें चालणारें मंद ज्वलन आहे. अशा कणिकेची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनहि कमी. हृदयाच्या स्नायूंत त्यांची दाटी असते. आपल्या रक्तांतल्या तांबड्या पेशींत मात्र त्या मुळींच नसतात.

स्वित्झर्लंडांत जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांनीं १८५७ सालीं कीटकांच्या स्नायूंत दाण्यांच्या रांगा पाहिल्याची नोंद केली. पुढें जर्मनींत रिखार्ड आल्टमान यांनीं असे दाणे रंगवून नाना प्रकारच्या पेशींत दाखविले व १८९० सालीं असें प्रतिपादन केलें कीं, हे दाणे म्हणजे पेशींत वस्ती करून राहिलेले स्वतंत्र जीवच होत. त्या वेळच्या विद्वानांनीं ही कल्पना मानली नाहीं. १८९८ सालीं कार्ल बेंडा यांनीं या वस्तूला नांव दिलें. ग्रीक भाषेंत 'मायटोस' म्हणजे दोरा आणि 'काँड्रोस' म्हणजे दाणा; त्यांवरून 'मायटोकाँड्रिया' हा शब्द सिद्ध झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'तंतुकणिका' हा शब्द त्याचेंच चोख मराठी रूप आहे. नांवांतच दोन आकार आहेत, हें ध्यानांत ठेवावें. बेंडा यांना सूक्ष्मदर्शकाखालीं कोठें दोरा दिसला, कोठें दाणा, तर कोठें दाण्यांची माळ. त्यांनीं प्रामाणिकपणें दोन्ही आकार नांवांत गुंफले.

परंतु एकच वस्तु कधीं दोरा व कधीं दाणा कशी होईल ? पुष्कळांना वाटलें कीं, या निरनिराळ्या वस्तु असाव्यात; म्हणून त्यांना निरनिराळीं नांवें पडलीं. अडचणीचें मूळ रीतींत होतें. पेशी पहावयाची म्हणजे ती आधीं रसायनांत बुडवून मारावयाची, मग रंगवावयाची. मेलेल्या माणसाच्या छायाचित्रावरून त्याची चाल कशी होती हें कोणाला सांगतां येईल ? १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेंत मार्गारेट व वॉरेन ल्युइस या पतिपत्नींनीं कोंबडीच्या गर्भांतल्या पेशी कांचेवर जिवंत वाढविल्या आणि त्या जिवंतपणींच न्याहाळल्या. त्यांना दिसलें तें अद्भुत होतें. दाणा लांबून कांडी होई, कांडीचा दोरा होई, दोरा वळून कडें बनें. दोन दोरे भेटून एक होत आणि एकाचे पुन्हां दोन होत. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर १९१५ सालींच छापून निघालें होतें ! मग शाळेच्या फळ्यावर शेंगच कां राहिली ? कारण शास्त्राचा ओघ मध्यंतरीं दुसऱ्या वाटेनें गेला. ती वाट रसायनाची. आणि आपली मराठी विदुषी भेटते ती याच वाटेवर.

१९२५ सालीं केंब्रिज येथें डेव्हिड कीलिन हे किटकांच्या स्नायूंचा वर्णपट तपासीत असतां त्यांना त्यांत विशिष्ट काळ्या रेघा दिसल्या. तशाच रेघा यीस्टमध्येंहि दिसल्या. यीस्ट हवेबरोबर घुसळलें कीं रेघा नाहींशा होत, स्थिर ठेवलें कीं थोड्या वेळानें परत उमटत. म्हणजे एखादें रंगद्रव्य प्राणवायूच्या देवघेवींत गुंतलेलें होतें. चाळीस वर्षांपूर्वीं मॅकमन नांवाच्या एका डॉक्टरानें अशाच रेघा पाहिल्या होत्या. पण त्याचें कोणीं मानलें नव्हतें. कीलिन यांनीं त्या द्रव्यास 'सायटोक्रोम' हें नांव दिलें. त्याचे प्रकार निघाले. त्यांतलें एक 'सायटोक्रोम सी'.

आतां कमला भागवत यांच्याकडे वळूं. याच पुढें कमला सोहोनी या नांवानें प्रसिद्ध झाल्या. जन्म इंदूरचा, घराणें मराठी. वडील नारायणराव व चुलते माधवराव दोघेहि रसायनशास्त्राचे अभ्यासक. बहीण दुर्गाबाई भागवत आपणां सर्वांना साहित्यामुळें ठाऊक आहेत. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा उत्तम रीतीनें उतरून त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. त्या वेळीं तेथें संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनीं स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहींत. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस. त्यांनीं सत्याग्रहाचाच मार्ग धरला आणि नाकारण्याचें कारण विचारीत राहिल्या. शेवटीं प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलें वर्ष उमेदवारीचें, काम पसंत पडलें तरच तें जमेस धरावयाचें, आणि त्यांच्या असण्यानें इतरांच्या कामांत व्यत्यय येतां कामा नये. कमलाबाईंनीं अपमान गिळला व काम केलें. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर त्यांची चिकाटी पाहून रामन यांचें मत बदललें आणि पुढें त्या संस्थेचें दार मुलींना उघडें झालें. रामन यांच्या थोरवीला त्यामुळें उणेपणा येत नाहीं. परंतु थोर माणसाच्या मनांतहि एखादी आकृति ठरीव होऊन बसते, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

१९३७ सालीं त्या केंब्रिजला गेल्या. तेथें प्रथम डेरेक रिक्टर व मग रॉबिन हिल यांच्यासह काम करीत असतां बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी असून तें वनस्पतींच्या श्वसनांत भाग घेतें, असें त्यांनीं दाखविलें. हिल व भागवत या दोघांच्या नांवें १९३९ सालीं 'नेचर' या पत्रांत सपुष्प वनस्पतींतील या श्वसनव्यवस्थेविषयीं टिपण प्रसिद्ध झालें. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. त्यावर त्याच वर्षीं त्यांना पीएच. डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानांतली ही पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. जमिनींत मुकाट पडलेला बटाटा, आकाशांत उडणारी माशी आणि आपण, तिघांचाहि श्वास आंत खोलवर एकाच रीतीनें चालतो, ही जाणीव दृढ होण्यास त्यांच्या या कामाचें साह्य झालें.

त्या सालीं आमच्या नांदेड-लातुराकडे काय होतें तेंहि आठवावें. आम्ही निजामी राज्यांत होतों. हैदराबादच्या विद्यापीठांत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू; मराठी मुलाला वरच्या शिक्षणाची वाट बिकट, मग मुलीची गोष्ट कशाला ? राज्य मुक्त झालें १९४८ सालीं, आणि नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें १९५० सालीं. आज त्याच नांदेडांत व लातुरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत आणि त्यांत मुली मोठ्या संख्येनें शिकत आहेत. हा पालट कोणत्याहि पेशींतल्या पालटाहून लहान नव्हे.

असो. कमलाबाईंच्या प्रबंधाच्या वेळीं एक गोष्ट अजून निश्चित झालेली नव्हती : ही श्वसनाची सामग्री पेशींत नेमकी राहते कोठें ? १९४० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें अल्बेर क्लोद व त्यांचे सहकारी यांनीं पेशी फोडून, यंत्रांत वेगानें फिरवून, तिचे भाग वेगळे केले. ताक घुसळून लोणी निराळें व्हावें तशीच ही रीत. तेव्हां श्वसनाचीं हीं विकरें तंतुकणिकांच्या वांट्याला आलेलीं आढळलीं. पाठोपाठ केनेडी व लेनिंजर यांनीं १९४८-४९ च्या सुमारास शक्तिसंचयाचें कार्य तेथेंच चालतें हें सिद्ध केलें. दाणा आणि रेघ, आकार आणि रसायन, यांचा येथें मेळ बसला.

पुढचें पाऊल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचें. १९५२-५३ सालीं जॉर्ज पॅलेड यांनीं अमेरिकेंत व स्योस्ट्रांड यांनीं स्वीडनमध्यें तंतुकणिकेच्या आंतलीं चित्रें प्रसिद्ध केलीं. दोन पटलें आहेत. बाहेरचें सपाट, आंतलें घड्यांचें. घड्यांमुळें थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मावतो, आणि श्वसनाची सामग्री बसते ती याच पटलावर. शाळेंतली भुईमुगाची शेंग येथून आली. चित्र खोटें नव्हतें. पण त्यासाठीं पेशी पुन्हां मारावी लागली आणि तिचे अतिशय पातळ काप घ्यावे लागले. लांबलचक वळणावळणाचें पडवळ घेऊन आडवें चिरलें तर ताटांत गोल चकत्याच दिसणार. ज्यानें पडवळ कधीं वेलीवर पाहिलें नाहीं, तो म्हणणार कीं, पडवळ हें चकतीसारखें फळ आहे ! आपलेंहि तसेंच झालें. बेंडा यांच्या नांवांतला दोरा मागें पडला आणि दाणा तेवढा उरला.

हा भ्रम हळूहळू फिटला. १९६६ सालीं हॅकनब्रॉक यांनीं यकृतांतून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, काम बदललें कीं आंतल्या घड्यांचें रूप बदलतें, आणि तें पूर्ववत्‌हि होतें. १९८० च्या सुमारास जिवंत पेशींतल्या तंतुकणिका चकाकत्या करणारीं रंगद्रव्यें हातीं आलीं, तेव्हां अनेक पेशींत सुटे दाणे नसून लांब दोऱ्यांचें जाळें दिसलें. ल्युइस पतिपत्नींची नोंद साठ-पासष्ट वर्षांनीं पुन्हां ताजी झाली. मग १९९७ सालीं फळांवरच्या चिलटांत एक जनुक सांपडला. चिलटाच्या शुक्रपेशींत तंतुकणिका एकत्र येऊन एकमेकींभोंवतीं अशा गुंडाळतात कीं, काप घेतला असतां कांद्याच्या चकतीसारखा दिसतो. हा जनुक बिघडला तर त्या एकमेकींत मिसळत नाहींत आणि कांदा विस्कटलेला दिसतो. म्हणून जनुकाचें नांव 'विस्कटलेले कांदे' या अर्थाचें ठेवण्यांत आलें. जुळण्याचें काम करणारीं प्रथिनें वेगळीं, तोडण्याचें काम करणारीं वेगळीं, आणि निरोगी पेशींत दोहोंचा तोल अखंड राखला जातो, असें यानंतर स्पष्ट होत गेलें.

या जुळण्या-तुटण्याचा उपयोग काय ? पेशीचे दोन भाग होण्यापूर्वीं जाळें तुटून तुकडे होतात. त्यामुळें दोन्ही लेकींना वांटा नीट मिळतो. बिघडलेला भाग तोडून वेगळा करतां येतो आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. उलट उपासमारींत तंतुकणिका एकमेकींस जुळून लांब होतात. १९११ नव्हे, अगदीं अलीकडे, २०११ सालीं हें प्रसिद्ध झालें. पेशी भुकेच्या वेळीं आपलेच भाग पचवूं लागते. जुळून लांब झालेल्या तंतुकणिका त्यांतून वांचतात आणि काम चालू ठेवतात. २०१६ सालच्या दुष्काळांत मिरजेहून रेल्वेनें पाणी लातुरास आलें, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. टंचाईंत एकटें गांव तगत नाहीं, जोडलेलें गांव तगतें. पेशींतहि कांहींसा तोच न्याय दिसतो.

आणि तोल बिघडला तर ? १९६२ सालीं स्वीडनचे रोल्फ लुफ्ट व त्यांचे सहकारी यांनीं एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला सदैव घाम येई, भूक प्रचंड लागे, तरी अंग भरेना. गळ्यांतली थायरॉइड ग्रंथि निर्दोष होती. स्नायूचा तुकडा तपासला तेव्हां तंतुकणिका संख्येनें फार व रचनेनें विपरीत दिसल्या. अन्न जळत होतें, पण त्यांतली शक्ति नीट सांठविली न जातां उष्णतेच्या रूपानें वायां जात होती. रोगाचें मूळ तंतुकणिकेंत असूं शकतें, हें वैद्यकाला येथें प्रथम उमगलें. पुढें २००० सालीं आढळलें कीं, लहानपणापासून दृष्टि मंदावत नेणाऱ्या एका आनुवंशिक रोगांत, आंतलें पटल जुळविणाऱ्या व घड्यांचीं तोंडें आवळून धरणाऱ्या प्रथिनाचा जनुक सदोष असतो. २००४ सालीं हातापायांच्या मज्जातंतूंच्या एका रोगांत बाहेरचें पटल जुळविणाऱ्या प्रथिनाचा दोष सांपडला. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा मज्जातंतु हाताहूनहि लांब. तेथवर तंतुकणिका पोंचावयाच्या आणि धड राहावयाच्या, तर जुळणें-तुटणें बिनचूक हवें. म्हणून पहिला फटका पावलांना बसतो.

आतां पुन्हां कमलाबाईंच्या सायटोक्रोमकडे येऊं. १९९६ सालीं शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेंतून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. सायटोक्रोम सी तंतुकणिकेच्या आंत आहे तोंवर तें श्वासाचें वाहक असतें. पण बाहेर पेशीरसांत सांडलें कीं तेंच पेशीला आत्मनाशाची आज्ञा देतें. २००२ सालीं स्कोरानो, कोर्समायर व सहकारी यांनीं दाखविलें कीं, एरवीं या द्रव्याचा बराचसा सांठा घड्यांच्या आंत कोंडलेला असतो. मृत्यूची सूचना आली कीं घड्यांची रचना पालटते, त्यांचीं अरुंद तोंडें रुंदावतात आणि सांठा मोकळा होतो. पाहा, आकाराचा प्रश्न शेवटीं जीवनमरणाचा प्रश्न ठरला ! घडीचें तोंड मिटलें आहे तोंवर जें जगवितें, तेंच तोंड उघडतां मारतें. निकामी पेशी वेळीं मरणें शरीराच्या हिताचेंच आहे. पण चांगल्या पेशी अकालीं मेल्या कीं रोग, आणि मरावयास हव्या त्या मेल्या नाहींत कीं अर्बुद.

कमलाबाई स्वदेशीं परतल्या त्या १९३९ सालीं. दिल्ली व कुन्नूर येथें काम करून १९४९ सालीं त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या आणि पुढें तिच्या संचालकहि झाल्या. केंब्रिजचें सूक्ष्म ज्ञान त्यांनीं गरिबांच्या ताटाकडे वळविलें. डाळी, तांदूळ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यावर त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं वर्षानुवर्षें संशोधन केलें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या. म्हणजे बटाट्यांत धुंडाळलेल्या त्या द्रव्याचा दुसरा, भयंकर अर्थ जगाला कळला, तो त्यांच्या हयातींतच.

घरोघरीं ऐकणाऱ्या मंडळींस एक सावधगिरीची गोष्ट सांगतों. तंतुकणिकांचें नांव घेऊन शक्तीचीं औषधें विकणाऱ्या जाहिराती हल्लीं पुष्कळ दिसतात. त्यांतल्या आकृत्या सुंदर असतात. म्हणून दावेहि खरे असतील असें नाहीं. या जुळण्या-तुटण्याचा तोल हवा तसा फिरविणारें सर्वमान्य औषध अद्याप वैद्यकाच्या हातीं आलेलें नाहीं. नियमित व्यायामानें स्नायूंतली तंतुकणिकांची शक्ति वाढते, हें मात्र १९६७ सालीं हॉलोझी यांनीं उंदरांवर दाखविलें आणि पुढें माणसांतहि तें प्रत्ययास आलें. हें औषध गोदावरीच्या घाटावर पहांटे फिरणाऱ्याला फुकट मिळतें.

शेवटीं त्या मुलीकडे येतों. ती आज कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. घरसंसारांत असेल, कदाचित्‌ डॉक्टरहि झाली असेल. तिला मला सांगावयाचें आहे : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. ती हलते, लांबते, आंखडते, जुळते, तुटते, आणि हलते म्हणूनच तूं आणि मी जिवंत आहोंत. पुस्तकांतली आकृति तिच्या एका क्षणाची आहे. मुलें प्रश्न विचारतील तेव्हां, शिक्षकहो आणि आईबापहो, मीं दिलें तें उत्तर देऊं नका. ठाऊक नसेल तर "पाहूं या" म्हणा. मॅकमनच्या रेघा, ल्युइस पतिपत्नींचे दोरे आणि बंगलोरच्या दारांत उभी राहिलेली ती मुलगी, या सर्वांना "पाहूं या" एवढा शब्द वेळेवर मिळाला असता तर किती वर्षें वांचलीं असतीं !